पीटी, पीटीटी, डी-डायमर: कोड बरोबर असूनही मेडिकेअर क्लेम का नाकारते?

तुमचा प्रश्न असा आहे की रक्त गोठण्याच्या चाचणीचा कोड अचूक असूनही मेडिकेअरकडून (अमेरिकेची सरकारी आरोग्य विमा योजना) क्लेम सीओ-५० लागून का परत येतो. सीओ-५० म्हणजे वैद्यकीय गरज पटली नाही. ८५६१० (पीटी, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम), ८५७३० (पीटीटी, म्हणजे पार्शियल थ्रॉम्बोप्लास्टिन टाइम; दोन्ही रक्त गोठायला लागणारा वेळ मोजतात), ८५३७९ (क्वांटिटेटिव्ह डी-डायमर, म्हणजे गुठळी विरघळताना उरणाऱ्या अंशाचं प्रमाण) हे कोड काय केलं एवढंच सांगतात. का केलं ते निदानाच्या कोडने सांगायचं असतं, आणि घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो.

वॉरफरिनवरचा (रक्त गोठू न देणारं औषध) रुग्ण नेहमीच्या आयएनआरसाठी (त्या औषधाचा परिणाम दाखवणारा आकडा) आला असेल तर आधी झेड५१.८१ (औषधाच्या पातळीवर देखरेख), मग झेड७९.०१ (असं औषध दीर्घकाळ चालू), आणि सोबत ज्या आजारासाठी औषध चालू आहे त्याचा कोड. आयएनआर २.५ आला म्हणून आर७९.१ (रक्त गोठण्याची चाचणी असामान्य) लावू नका. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वॉरफरिन देतात ते आयएनआर तिथे यावा म्हणूनच. तो प्रमाणाबाहेर वाढलाय, डॉक्टरांनी तसं लिहिलंय, पण रक्तस्राव नाही, अशा वेळी आर७९.१ आणि टी४५.५१५ए (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा दुष्परिणाम). औषधामुळे रक्तस्राव झाला असेल तरच डी६८.३२, तेही टी४५.५१५ए सोबत. क्लोपिडोग्रेलच्या रुग्णाला झेड७९.०१ लावणं ही फार नेहमीची चूक. ते अँटीप्लेटलेट आहे, त्याला झेड७९.०२. आणि आयएनआरचं वेगळं बिल होत नाही, तो पीटीवरूनच काढलेला आकडा आहे.

डी-डायमरच्या ऑर्डरवर नुसतं ‘रूल आउट पीई’ (फुप्फुसात गुठळी नाही ना ते पाहा) लिहिलेलं असतं. बाह्यरुग्ण विभागात संशयित आजार कोड करता येत नाही, लक्षण कोड करायचं: धाप लागत असेल तर आर०६.०२, छातीत दुखत असेल तर आर०७.९. ऑर्डरवर लक्षणच नसेल तर डॉक्टरांना विचारा. स्वतः अंदाज बांधून कोड टाकू नका.

शस्त्रक्रियेआधी सरसकट केलेल्या पीटी-पीटीटीचंही असंच. मेडिकेअरचे नियम (एनसीडी, म्हणजे देशभर लागू असलेले कव्हरेजचे निर्णय: पीटीटीसाठी १९०.१६, पीटीसाठी १९०.१७) रक्तस्रावाची किंवा गुठळीची लक्षणं, नाहीतर तसा पूर्वेतिहास मागतात. वॉरफरिनचा डोस स्थिर असेल तर साधारणपणे दोन-तीन आठवड्यांच्या आत पुन्हा पीटीची गरज ते मानत नाहीत. लवकर केली असेल तर डोस बदलल्याची नोंद चार्टमध्ये हवी.

एकाच दिवशी दोन पीटी झाल्या तर दुसरीला मॉडिफायर (चाचणीच्या कोडला जोडायची खूण) ९१. पण उपचार ठरवण्यासाठी नवा निकाल हवा होता, तरच. निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये रक्त आणि सायट्रेटचं प्रमाण ९:१ लागतं. ट्यूब अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि गोठण्याची वेळ खोटीच लांबलेली दिसते. नमुन्यात गुठळी झाली तर निकालच विश्वासार्ह राहत नाही. अशा वेळी पुन्हा केलेल्या चाचणीचं दुसरं बिल लावायचं नाही, ९१ लावूनही नाही.

क्लिनिककडे सीएलआयएचं (प्रयोगशाळांसाठीचा अमेरिकी कायदा) वेव्हर प्रमाणपत्र, म्हणजे फक्त साध्या, सूट मिळालेल्या (‘वेव्ह्ड’) चाचण्यांची परवानगी असेल आणि पीटी बोटाच्या थेंबावर वेव्ह्ड यंत्राने केली असेल तर ८५६१० ला क्यूडब्ल्यू मॉडिफायर लावा आणि सीएलआयए क्रमांक सीएमएस-१५०० या क्लेमच्या फॉर्मवर रकाना २३ मध्ये भरा. रकाना २४ई सुद्धा तपासा, तिथला पॉइंटर चाचणी कोणत्या निदानासाठी ते दाखवतो: निदान रकाना २१ मध्ये बरोबर असतं, पण पॉइंटर भलत्याच अक्षराकडे असतो, आणि मधुमेहासाठी पीटी केल्यासारखं दिसतं!

नाकारलेला क्लेम तसाच पुन्हा पाठवू नका, सीओ-१८ म्हणजे डुप्लिकेट म्हणून परत येईल. टंकताना चूक झाली असेल तर क्लेम रीओपन करून घ्या. कारण चार्टमध्ये होतं आणि तरी नाकारलं, तर नोट जोडून १२० दिवसांच्या आत पहिलं अपील करा. चार्टमध्ये कारणच नसेल तर पैसे मिळावेत म्हणून कोड बदलणं हा खोटा क्लेम ठरतो. चाचणी नियमात बसणार नाही असं आधीच दिसत असेल तर रक्त घेण्यापूर्वी रुग्णाची एबीएनवर (मेडिकेअर पैसे देणार नाही अशी शक्यता सांगणारी आगाऊ सूचना) सही घ्या आणि क्लेमला जीए मॉडिफायर लावा. रक्त घेतल्यानंतरची सही चालत नाही.