भाऊगर्दीतला भाऊ कोण?

प्रश्न असा आहे: निवडणुकीच्या बातम्यांत ‘इच्छुकांची भाऊगर्दी’ हे शब्द वाचले. यातले ‘भाऊ’ म्हणजे चौकाचौकांतल्या फलकांवरचे भाऊ-दादा का? आणि ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचारही पानिपतावरून आला, असं म्हणतात ते खरं का?

फलकांवरच्या भाऊंशी या शब्दाचा काही संबंध नाही. यातला भाऊ एकच, सदाशिवरावभाऊ. चिमाजी अप्पांचा मुलगा, नानासाहेब पेशव्यांचा चुलतभाऊ. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर त्याची आणि त्याच्या फौजेची जी वाताहत झाली, ती भाऊगर्दी.

घोटाळा ‘गर्दी’ने केला आहे. आज गर्दी म्हटलं की डोळ्यांपुढे सकाळची लोकल येते. पेशवाईतल्या कागदांत गर्दी म्हणजे घुसाघुशी, कापाकापी, दाणादाण. ‘गर्दीस मिळवणे’ म्हणजे पार बुडवणे. फारसीत ‘गर्द’ म्हणजे धूळ, तेव्हा आपल्या ‘धुळीस मिळवणे’चं हे सख्खं भावंड. (पुडीतून विकतात तो गर्द आणि तो ओढणारा गर्दुल्ला, हेही याच धुळीतले.) दिल्लीकडे नादिरगर्दी, जाटगर्दी असे शब्द होते. त्यांत नाव असतं ते नासधूस करणाऱ्याचं. मराठीने मात्र अब्दालीचं नाव घेतलं नाही, जो बुडाला त्याचं घेतलं. मला या शब्दातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते.

‘गारदी’ याच्याशी जोडू नका. पानिपतावर तोफा आणि कवायती पलटणी घेऊन लढला तो इब्राहीमखान गारदी, म्हणून कानाला सारखं वाटतं इतकंच.

आता संक्रांत. पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली आणि तेव्हापासून ‘संक्रांत कोसळली’ म्हणू लागले, ही गोष्ट दर जानेवारीत फिरते. १४ तारखेवरून कुणीतरी जुळवलेलं गणित आहे ते. मकरसंक्रांत इंग्रजी तारखांत हळूहळू पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि ती तारीख १२ जानेवारी १८६३. त्याच्या शंभर वर्षं आधी संक्रांत दहा जानेवारीच्या आसपास पडायची. पानिपतचा दिवस पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार. संक्रांत तेव्हा होऊन गेली होती. वाक्प्रचार पंचांगातल्या संक्रांतदेवीचा आहे. ती वाहनावर बसून येते आणि जे वापरते, जिकडे पाहते, त्यावर गंडांतर येतं. आजही बायका ‘यंदा संक्रांत कशावर आहे?’ असं विचारतात, त्यात पानिपत नसतं.

खरे पानिपती शब्द वेगळे आहेत. सामना हरला की ‘पानिपत झालं’. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ असं विचारलं की ‘विश्वास तर पानिपतात गेला’ हे उत्तर ठरलेलं, आणि बोलणाऱ्याला नानासाहेबांचा थोरला मुलगा आठवत असेलच असं नाही. घरोघरची माणसं गेली होती, त्या दुःखाचे पुढच्या पिढ्यांनी विनोद केले. मला यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही.

पण एक माणूस या शब्दांच्या बाहेर राहिलं. भाऊंची पत्नी पार्वतीबाई. ती स्वतः छावणीत होती, त्या धुमश्चक्रीतून तिला बाहेर काढलं आणि ती परत आली. अब्दालीच्या बाजूने आलेल्या अवधच्या नवाबाच्या, शुजाउद्दौल्याच्या, पदरी असलेल्या काशीराजाने भाऊंचं धड सापडल्याचं आणि दहन झाल्याचं लिहून ठेवलं आहे. पार्वतीबाईने ते कधी मानलं नाही. नानासाहेब त्याच वर्षी जूनमध्ये गेले. पेशवे बदलत गेले. हिचं कुंकू तसंच राहिलं, १७८३ साली ती वारली तोवर. बावीस वर्षं! विधवा म्हणावं तर कपाळी कुंकू, सवाष्ण म्हणावं तर नवरा कुठे आहे ते सांगता येत नाही. आपल्या भाषेत बाईसाठी हे दोनच शब्द होते आणि तिला दोन्ही लागू पडेनात.

त्यातच तोतया उपटला. भाऊ आपणच, असं म्हणणारा. चौकशीत खोटा ठरून कैदेत पडला होता, पण १७७६ साली रत्नागिरीहून सुटला, कोकणात माणसं त्याच्याभोवती जमली, आणि अखेर पुण्यात त्याला देहदंड झाला. इतके लोक फसले कसे, असं आपण सहज विचारतो. मला वाटतं, पुष्कळांना फसायचंच होतं. ज्यांचं माणूस परत आलं नव्हतं आणि प्रेतही दिसलं नव्हतं, त्यांच्या दृष्टीने एक भाऊ परत येऊ शकतो तर आपलाही येईल. तोतया हा शब्द मराठीत इतका घट्ट रुजला, त्याला या माणसाचा हातभार नक्कीच आहे.

हरियाणातला रोड समाज पानिपतानंतर तिथेच राहिलेल्या मराठ्यांत आपलं मूळ शोधतो. इतिहासकारांत त्यावर एकमत नाही. तिकडचे लोक पानिपतच्या काला आंब स्मारकापाशी जमतात तेव्हा मात्र ‘पानिपत झालं’ असं कुणी सामन्याबद्दल बोलत नसणार.

राहता राहिला वापराचा प्रश्न. ‘इच्छुकांची भाऊगर्दी’ बिनदिक्कत लिहा. माझी आजी लग्नाच्या पंगतीलाही भाऊगर्दी म्हणायची, आणि तिला सदाशिवरावभाऊ ठाऊक होते. फक्त शब्द तोडून ‘भाऊ गर्दी’ असा लिहू नका, कारण मग खरंच कुणी भाऊ कार्यकर्ते घेऊन आल्यासारखं वाटतं.