मलय समाजाची राजनिष्ठा

प्रश्न : मलय समाज राजनिष्ठ समजला जातो. मग १९९३ साली मलेशियातील सुलतानांना (राज्यांच्या वंशपरंपरागत शासकांना) खटल्यांपासून असलेले कायदेशीर संरक्षण मलय नेत्यांनीच कसे काढून घेतले? आणि आज पंतप्रधान नेमताना देशाच्या राजाचे (हे पद सुलतान आळीपाळीने भूषवितात) मत निर्णायक कसे ठरते?

उत्तर : ही राजनिष्ठा आंधळी कधीच नव्हती. ‘सेजारा मलायू’ या जुन्या बखरीत राजा आणि प्रजा यांच्यातील करार नोंदलेला आहे : प्रजेने राजद्रोह करू नये, पण राजानेही प्रजेची मानहानी करू नये. करारातील या दुसऱ्या कलमाकडे अभ्यासकांचे, माझ्या मते, उगाचच दुर्लक्ष होते.

त्याचा प्रत्यय १९४६ मध्ये आला. सुलतानांच्या सह्या घेऊन ब्रिटिशांनी ‘मलायन युनियन’ची योजना पुढे रेटली, तिच्यामुळे सुलतानांचे सार्वभौमत्व जाणार होते आणि चिनी व भारतीय रहिवाशांना सढळपणे नागरिकत्व मिळणार होते. १ एप्रिलच्या समारंभासाठी सुलतान क्वालालंपूरच्या स्टेशन हॉटेलात उतरले असता मलय नेते ओन जाफर यांनी त्यांना प्रजेचा निरोप दिला, की समारंभाला जाऊ नये, गेल्यास प्रजा त्यांना मानणार नाही. बाहेर जमाव सुलतानांचा जयजयकार करीत होता आणि आत त्यांना अट घातली जात होती. सुलतान गेले नाहीत. पुढच्याच महिन्यात ‘अम्नो’ या मलय पक्षाची स्थापना झाली आणि मलयांचा रक्षणकर्ता हा मान हळूहळू राजवाड्याकडून पक्षाकडे गेला.

१९७१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर शिष्यवृत्त्या, कंत्राटे व परवाने मलयांना मिळू लागले आणि पक्षनिष्ठेला लाभाची जोड मिळाली. जोहोरच्या सुलतानांवर एका हॉकी प्रशिक्षकाला मारहाण केल्याचा आरोप १९९२ अखेर झाला, तेव्हा अम्नोचे पंतप्रधान महाथीर यांना संरक्षण काढणारी घटनादुरुस्ती रेटता आली ती याच बळावर. सुलतानांवरील खटल्यांसाठी विशेष न्यायालय स्थापन झाले.

मात्र १९९८ मध्ये उपपंतप्रधान अन्वर इब्राहिम यांची हकालपट्टी झाल्यावर अनेक मलय तरुण रस्त्यावर उतरले आणि पक्षाच्या मक्तेदारीला तडा गेला. २०१८ मध्ये अम्नोप्रणीत आघाडी स्वातंत्र्यानंतर प्रथमच सत्तेबाहेर गेली. मलय मते अम्नो, ‘पास’ हा इस्लामवादी पक्ष व इतर पक्षांत विभागली गेल्याने, बहुमत कोणाकडे आहे हे ठरविण्याचा राजाचा एरवी औपचारिक असलेला अधिकार खरा ठरला. २०२० च्या फेब्रुवारीत राजांनी खासदारांना एकेकटे राजवाड्यात बोलावून त्यांचा कल विचारला, तर २०२२ च्या त्रिशंकू संसदेनंतर अन्वर यांची नेमणूक केली.