दारू पिणं आणि हिप्नॉटाइज होणं, दोन्हीत माणसाचा स्वतःवरचा ताबा सुटल्यासारखा वाटतो, मग फरक काय?

पहिला फरक हा की हिप्नॉटिझममध्ये निदान एक माणूस तरी शुद्धीवर असतो. बैठकीत तशी गॅरंटी नाही.

मी पीत नाही, त्यामुळे नंतर सगळ्यांना घरी सोडायचं काम कायम माझ्या गळ्यात, आणि त्याबदल्यात पहिल्या रांगेतून फुकट शो बघायला मिळतो. आमच्यातला एकजण तिसऱ्या पेगनंतर माझ्या शर्टाचं बटण धरतो आणि सांगतो तू माझा भाऊ आहेस, भाऊ नाही रे, भावापेक्षा जास्त, आणि हे एवढंच वाक्य पुन्हा पुन्हा, बटण काही सोडत नाही. बरं बोलताना एक डोळा मिटलेला असतो. हिप्नॉटिस्टला बिचाऱ्याला "तुमचे डोळे जड होतायत" असं घसा कोरडा पडेपर्यंत सांगावं लागतं, इथे कुणी काही न सांगता एक डोळा बंद, कारण दारूने दोन डोळ्यांचा ताळमेळ जातो आणि दोन्ही उघडे ठेवले की त्याला दोन भाऊ दिसतात.

आता जरा सिरियसली. हिप्नॉटिझममध्ये अंगात बाहेरून काहीच जात नाही, नुसते शब्द. हिप्नॉटिझम ज्याच्या उपचारांतून पुढे आलं तो मेस्मर नावाचा डॉक्टर शरीरातल्या चुंबकशक्तीने लोकांना बरं करतो म्हणायचा, तर 1784 मध्ये फ्रान्सच्या राजाने चौकशीला कमिटी नेमली, त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिएसारखे शास्त्रज्ञ होते, आणि त्यांनी सांगितलं की चुंबक वगैरे काही नाही, सगळा कल्पनेचा खेळ आहे. दारूचं तसं नाही, अल्कोहोल खरोखरच मेंदूत पोचतं, विचार करून बोलायला लावणारा भाग आधी ढिला पडतो आणि मग तोल सांभाळणारा. हिप्नॉटाइज झालेल्याचं लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं, पिणाऱ्याचं कशावरच टिकत नाही (बटण सोडून).

विसरण्यातही फरक आहे. हिप्नॉटिस्टने "हे विसरा" म्हटलं आणि माणूस विसरला तरी ठरलेली खूण केली की बऱ्याचदा परत आठवतं. दारूच्या ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे माणूस जागा असून नंतर काही आठवत नाही तेव्हा, मेंदूने रेकॉर्डिंगच केलेलं नसतं, मग सकाळी कितीही डोकं खाजवा. आणि उतरवायचं म्हणाल तर तिकडे एक दोन तीन, डोळे उघडा, झालं. इकडे लिव्हर आपल्या चालीने साधारण तासाला एक ड्रिंक निकाली काढणार, कॉफी पाजा नाहीतर डोक्यावर बादली ओता, तो सरकारी कर्मचाऱ्यासारखा आपला स्पीड बदलत नाही.

पण दारूत हिप्नॉटिझम अजिबात नाही असंही नाही हां. 1973 मध्ये मार्लट नावाचा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या साथीदारांनी एक प्रयोग केला, काहींना व्होडका घातलेलं टॉनिक वॉटर दिलं, काहींना नुसतं टॉनिक, आणि ग्लासात काय आहे ते काहींना खरं सांगितलं, काहींना चक्क उलटं. तर ज्यांना वाटत होतं की आपण व्होडका पितोय ते जास्त प्यायले, ग्लासात व्होडका असो नसो! अगदी व्यसनी लोकसुद्धा. म्हणजे थोडं काम बाटली करते आणि थोडं आपण "चढणार चढणार" म्हणून स्वतःच करून घेतो. पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत ज्याचा आवाज वाढतो असा एक नमुना प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, त्याला नुसता सोडा दिला तरी चालेल असं माझं प्रामाणिक मत आहे.

मात्र सगळ्यात मोठा फरक गाडीशी आल्यावर कळतो. हिप्नॉटाइज झालेल्याला हात वर कर म्हटलं की तो बहुतेक वेळा करतो. याला म्हणा किल्ली दे, की जगातला कुठलाच हिप्नॉटिस्ट याच्यावर चालणार नाही, "मला चढलेलीच नाहीये" हे इतक्या आत्मविश्वासाने सांगतो की आपल्यालाच खरं वाटायला लागतं. शेवटी अर्धा तास घासाघीस केल्यावर मोठे उपकार केल्यासारखी किल्ली हातावर ठेवतो, आणि ती निघते घरच्या कपाटाची.