क वर्गाचं काय?

चि. मुली,

राज्यातल्या तुरुंगांच्या इतिहासावरचा प्रबंध सोडून द्यावासा वाटतो, असं लिहिलंस. सोडू नकोस वगैरे मी सांगणार नाही. पण तुझं पहिलं प्रकरण वाचून मला राग आला. येरवडा तुरुंगातलं आंब्याचं झाड आणि १९३२चा पुणे करार, धुळ्याच्या तुरुंगातली विनोबांची प्रवचनं, ती टिपून घेणारे साने गुरुजी. सगळं खरं आहे. पण हा राज्याच्या तुरुंगांचा इतिहास नाही, तिथे राहून गेलेल्या मोठ्या माणसांचा आहे.

१९३० पासून कैद्यांचे अ, ब, क असे वर्ग पडले. निकष काय, तर शिक्षण, राहणीमान, समाजातला दर्जा. आठवणी लिहिल्या त्या बहुतेक अ आणि ब वाल्यांनी. बराकी भरल्या होत्या क वाल्यांनी. मग क वर्गाचं काय?

१८९४चा तुरुंग कायदा उघड. कलम ४६ वाच. कपड्यांऐवजी तरट, बेड्या, तीस फटक्यांपर्यंत मार. हे कुणाच्या अंगावर पडलं? तुरुंगाच्या नियमावल्यांत जात बघून काम वाटलेलं असे, स्वयंपाक एकाला, झाडू दुसऱ्याला. सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं ऑक्टोबर २०२४ मध्ये. तुझ्या प्रबंधात त्यावर एक तळटीप! आटपाडीचं स्वतंत्रपूर घे. १९३९ साली औंध संस्थानच्या राजांनी, इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेवरून, कैद्यांना भिंतीबाहेर आणून शेतीवर वसवलं. हे पान तू जीव ओतून लिहिलंयस, मला फार आवडलं. पण राजाचं नाव आहे, इंजिनिअरचं आहे. नांगर धरणाऱ्याचं?

कागद मिळत नाहीत म्हणतेस. का मिळत नाहीत ते मला विचार. कारागृहाच्या कचेरीत कारकून असताना जुन्या नोंदवह्यांच्या निर्लेखनाची, म्हणजे नष्ट करायच्या कागदांची, यादी मीच केली. प्रवेशाच्या वह्या, शिक्षेच्या वह्या, गोण्या भरून हिस्ट्री तिकिटं, म्हणजे एकेका कैद्याच्या नोंदीची कार्डं. वाळवी लागली होती, जागा नव्हती, वरून पत्र आलं होतं. दुसरा कुणी असता तरी त्याने हेच केलं असतं. तरी यादीखाली सही माझी आहे. मोठ्यांची पत्रं तेवढी मी बाजूला काढून ठेवली, आणि तेव्हा स्वतःला शहाणा समजलो. म्हणजे तू आज करतेयस तेच.

तेव्हा रडगाणं पुरे. पुराभिलेखागारात तुरुंग खात्याचे वार्षिक अहवाल माग. त्यात मृत्यूंचे आणि शिक्षांचे तक्ते असतात. ते कंटाळवाणे आहेत, म्हणूनच कुणी जाळले नाहीत. निवृत्त शिपायांच्या घरी जा, चहा घे, वही लगेच काढू नकोस. आणि २०२२ अखेर देशातल्या दर शंभर कैद्यांत पंचाहत्तरहून जास्त कच्चे, म्हणजे खटला अजून चालू असलेले, होते, हा आकडा शेवटच्या पानावरून पहिल्यावर आण.

गांधींना एक पान पुरे. ते रागावणार नाहीत.

दुसरं प्रकरण आधी पाठव. पहिलं मला इतक्यात नको.

तुझा,
काका