पिल्लाला ‘संकरित’ म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की दादरला एकांच्या घरी माल्टीज आणि पूडल या दोन जातींच्या कुत्र्यांचं पिल्लू आणलं, त्याला ‘संकरित’ म्हटलं तर आजी रागावल्या, लेकराला असं बोलू नये म्हणाल्या, तर मग ‘मिश्र जातीचं’ म्हणायचं का? मी म्हणेन संकरितच म्हणा, पण आजींना जे खटकलं ते उगाच नाहीये.

संकर म्हणजे मुळात सरमिसळ, एवढंच. पण गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन वर्णसंकराला घाबरतो आणि लगेच पुढे ‘संकरो नरकायैव’ येतं, त्यामुळे ज्यांनी आयुष्यभर गीता म्हटली त्यांच्या कानात हा शब्द तो डाग घेऊनच बसलाय. शेतकऱ्याकडे तोच शब्द एकदम वेगळा, तिथे संकरित गाय म्हणजे जास्त दूध, आणि ‘हायब्रीड’ म्हणजे तर ज्वारीच, भरपूर पिकणारी पण भाकरीला चव नसलेली, म्हणून नाजूक पोरांनाही गावाकडे हायब्रीड म्हणतात.

मला सगळ्यात आवडतो तो अलंकारशास्त्रातला संकर. दोन अलंकार एकत्र आले पण तीळ-तांदळासारखे वेगळे निवडता आले तर ती संसृष्टी, आणि दूध-पाण्यासारखे एकजीव झाले तर तो संकर. आता पिल्लाकडे बघा, कान माल्टीजचे आणि केस पूडलचे असं निवडता येतं का? एकाच वेतात एक कुरळं निघतं, एक सरळ केसांचं. म्हणून हाच शब्द नेमका बसतो. ‘मिश्र’ राहू दे आईबाप माहीत नसलेल्यांसाठी, आणि आपल्या गावठी कुत्र्याला तर सरसकट मिश्रही म्हणू नका, तो कुणी न घडवलेला इथलाच जुना कुत्रा आहे.

खरा वाद पुढे आहे. विकणारे ‘क्रॉस आहे, म्हणजे तब्येतीला दणकट’ असं सांगतात ना, तो ज्वारीतला भरपूर पिकण्याचा अर्थ उचलून कुत्र्याला चिकटवलेला आहे. आईचा दोष वेगळा आणि बापाचा वेगळा असेल तर संकराने तो झाकला जाऊ शकतो हे खरंय, पण माल्टीज आणि पूडल दोघांनाही गुडघ्याची वाटी सरकायचा त्रास असतो, मग पिल्लाने जायचं कुठे? शिवाजी पार्कला असंच एक पिल्लू बघितलं मी, चार पावलं नीट चालायचं, मग मागचा एक पाय वर घेऊन तीन पायांवर उड्या, परत नीट. घरच्यांना ते लाडीक वाटायचं, व्हिडिओ काढायचे. नंतर डॉक्टरनी बोटाने वाटी सरकवून दाखवली तेव्हा त्या ताईंचा चेहरा उतरला, मला अजून आठवतो.

लॅब्राडूडल गाजवणारे वॉली कॉनरन यांचंही असंच झालं. 1989 साली ऑस्ट्रेलियात, हवाईच्या एका अंध बाईंना गाइड कुत्रा हवा होता आणि नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी, म्हणून त्यांनी लॅब्राडोर आणि पूडलचा संकर केला. पिल्लं तीन झाली, नवऱ्याला चाललं त्यातलं एकच. पुढे बाजारात वाट्टेल ते संकर करून विकणं सुरू झालं, ते बघून त्यांनी जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. म्हणजे ‘केस गळत नाहीत, ॲलर्जी होत नाही’ ही खात्री त्या पहिल्या वेतातही नव्हती!

म्हणून आजींना सांगा की संकरित ही शिवी नाही, आणि विकणाऱ्याला सांगा की ती गॅरंटीही नाही, आईबापाचे गुडघे तपासल्याचा कागद दाखव. डॉक्टरच्या फाइलवर ‘माल्टीज-पूडल संकरित’ असंच लिहा, दोन्ही नावं पूर्ण. ‘माल्टिपू’ नको, मराठीत पू जखमेतून येतो, इतक्या गोड जिवाला ते नाव कशाला.