काळी माती म्हणजे सुपीक माती का?

प्रश्न : आमच्या शेतातील माती गडद काळी आहे, तरीही माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतील कार्बन) कमी आला. असे कसे? (एक वाचक, परभणी)

उत्तर : हा अहवाल खरा असू शकतो. दख्खनच्या बेसॉल्ट या ज्वालामुखीजन्य खडकापासून तयार झालेल्या मातीचा काळेपणा केवळ कुजलेल्या पालापाचोळ्याचा नसतो. टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट हे काळे लोहखनिज आणि चिकणकणांना घट्ट बिलगलेला थोडासा ह्युमस (पूर्ण कुजलेला सेंद्रिय पदार्थ) यांमुळेही ती गडद होते, म्हणून सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याहून कमी असतानाही ती काळीच दिसते. कोकणातल्या जांभ्या मातीचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडांचा असतो. राखाडी थरात गंजासारखे ठिपके दिसले, तर तिथे पाणी साचते असे समजावे.

माझ्या मते रंगापेक्षा पोत, म्हणजे मातीचे कण किती बारीक वा जाड आहेत ते, अधिक विश्वासार्ह आहे. मूठभर माती ओली करून मळावी व अंगठा आणि तर्जनी यांमध्ये दाबत तिची पट्टी काढावी. पट्टी न तुटता ५ सेंटिमीटरहून लांब निघाली, तर माती भारी, म्हणजे चिकण कणांची, आहे. अशा मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाण्याने फुगते व सुकल्यावर आकसते. उन्हाळ्यातील भेगा त्याच्याच. ती ओलावा, पोटॅश आणि कॅल्शियम उत्तम धरून ठेवते, मात्र निचरा मंद असतो. आपण कुजलेले शेणखत आणि हिरवळीचे खत नियमित द्यावे.