गावातल्या लेकरांवर पाच वर्षं अभ्यास करायचा आहे, ग्रामसभेची परवानगी पुरेशी आहे का?

तुम्ही विचारलंय की अमरावती जिल्ह्यातल्या काही गावांत लहान मुलांच्या वाढीचा पाच वर्षं अभ्यास करायचा आहे, ग्रामसभेचा ठराव हातात आहे, मग आईवडिलांची सही वेगळी लागते का आणि आणखी काय सांभाळावं. मी धारणी तालुक्यात अशाच एका अभ्यासासाठी नऊ वर्षं लेकरांची वजनं-मापं घेतली. त्या अनुभवावरून सांगते.

सही लागतेच. ग्रामसभा तुम्हाला गावात येऊ देते. लेकराला हात लावू द्यायचा की नाही, हे आईबाप ठरवतात. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच आहे. लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा चालतो, पण अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा. अंगणवाडी सेविकेला साक्षीदार करू नका. लेकराचा आहार तिच्याच हातून येतो, तिच्यासमोर कोण नाही म्हणेल? आणि मेळघाटात असाल तर सगळं कोरकूत समजावून सांगा. आमचं मराठी ऐकून नुसती मान हलवणाऱ्या कितीतरी बाया मी पाहिल्या आहेत. आज तीन वर्षांचं असलेलं पोर तुमचा अभ्यास संपेपर्यंत आठचं होईल. सातव्या वर्षापासून त्याची स्वतःची तोंडी संमती घ्यावी लागते, बारानंतर लेखी. म्हणजे एकदा अंगठा घेतला आणि पाच वर्षांची सोय झाली, असं होत नाही.

पण माझ्या मते खरी कसोटी पुढेच आहे. मोजलेला आकडा वाईट निघाला तर त्या दिवशी तुम्ही काय करणार?

पहिल्या वर्षी आमच्या फॉर्मवर दंडाच्या घेराचा रकाना होता, पुढे काय केलं याचा नव्हता. एका ढाण्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, दीड वर्षाच्या मुलीचा दंड ११ सेंटिमीटर भरला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत ११.५ च्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, हे मला पाठ होतं. मी आकडा लिहिला, फॉर्म कार्यालयात दिला. तिथून आरोग्य केंद्राला कळवायला पंधरा दिवस गेले. तोवर ते कुटुंब कामाला बाहेर निघून गेलं होतं. ती मुलगी मला पुन्हा दिसली नाही. चूक अभ्यासाच्या आखणीची होती, आणि माझीही. मी त्याच दिवशी तिला उचलून न्यायला हवं होतं. म्हणून पहिलं माप घेण्याआधी ठरवा: गाडी कोण देणार, पोषण पुनर्वसन केंद्रात आईसोबत कोण थांबणार, तिच्या बुडालेल्या रोजाचं काय. हा खर्च अंदाजपत्रकात नसेल तर अभ्यास सुरू करू नका.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९३ पासून ३९ गावांत नवजात बाळांचा अभ्यास केला. त्यात गावातल्याच बाईला शिकवून बाळावर घरीच उपचार व्हायचे. नोंद आणि उपचार एकाच हातात होते. पुढे तीच पद्धत देशभरातल्या आशांच्या गृहभेटींचा पाया ठरली.

वेळापत्रकही विचार करून लावा. कामाला बाहेर गेलेली माणसं होळीला, फगव्याला परततात, तेव्हा सगळी लेकरं सापडतात. पण तेवढंच मोजलंत तर पावसाळ्यातली उपासमार तुमच्या आकड्यांत येणारच नाही. दोन्ही वेळा जा. वेचणीच्या दिवसांत बायांना थांबवून ठेवू नका. बाळ गेलेल्या घरी प्रश्नावली घेऊन लगेच जाऊ नका. आधी नुसतं भेटून या.

आणि दरवर्षी आकडे गावाला वाचून दाखवा, कुणाचं नाव न घेता. आम्ही पहिल्यांदा वाचले तेव्हा एक आजी उठून म्हणाली, "ताई, आमच्या ढाण्यातली दोन लेकरं यात नाहीत." दोघांचाही जन्म आईच्या माहेरी झाला होता, एक तिथेच वारलं होतं. आमच्या यादीत त्यांची नोंदच नव्हती. तिच्यासमोर बसून आम्ही ती भरून घेतली.